नव्याचे नऊ दिवस संपल्यावर: व्यायामाच्या नेमाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात सहकारनगरात राहते आणि गेली नऊ वर्षं सकाळी तळजाई टेकडीवर जाते. ट्रेनर नाही, डॉक्टर नाही. आयुष्यभर बँकेत नोकरी केली. आमचा दहा-बारा जणांचा गट आहे. दर जानेवारीत आणि दर पाडव्याला त्यात नवी माणसं येतात आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत बरीचशी दिसेनाशी होतात. मग कधीतरी भाजीवाल्यापाशी गाठ पडते, चेहरा ओशाळा होतो आणि मी काही विचारायच्या आत तीच बोलायला लागतात. पुढचे बहुतेक प्रश्न तिथले आहेत. आठवड्यातून दोनदा तरी कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून एकदाचे लिहून काढले.

व्यायामाची इच्छाच होत नाही. मूड येईपर्यंत थांबू का?

थांबलात तर फार थांबावं लागेल.

माझी आजी सदाशिव पेठेत राहायची. दर सोमवारी पर्वतीला जायचा तिचा नेम होता. १०३ पायऱ्या वर, देवदेवेश्वराचं दर्शन, १०३ पायऱ्या खाली, येताना मंडईतून भाजी. ‘आज मला जावंसं वाटतंय का’ असा प्रश्न तिला सोमवारी सकाळी पडल्याचं मी कधी पाहिलं नाही. गुडघा दुखत असला तर कुरकुरायची, पावसाच्या नावानं बोटं मोडायची, पण छत्री घेऊन निघायची. कुरकुरत कुरकुरत जाता येतं, हे मी तिच्याकडून शिकले. आपण मात्र कुरकुर संपायची वाट बघत बसतो.

आपल्या भाषेत ‘नेम’ हा फार उपयोगी शब्द आहे. हौस वेगळी आणि नेम वेगळा. हौस असली तर उत्तमच, पण तिच्या भरवशावर जो सुरू करतो त्याला आपण आरंभशूर म्हणतो. आणि अनुभव असा, की हौस बरेचदा मागाहून येते. माझं गणित सांगते: अंथरुणात हौस शून्य, जिन्यात शून्य, फाटकापाशी थोडी, पहिला चढ संपून पलीकडे मोर ओरडला की भरपूर. नऊ वर्षांत हा क्रम फारसा बदललेला नाही. अंथरुणात हौस वाढेल अशी आशा मी केव्हाच सोडली.

मग पहाटे साडेपाचला स्वतःला समजवायचं कसं?

समजवायचंच नाही. त्या वेळी चर्चा सुरू केलीत की हरलात, कारण आपल्या डोक्यातला आळशी वकील त्या घटकेला विलक्षण हुशार असतो. ‘काल झोप कमी झाली.’ ‘आभाळ आलंय.’ ‘संध्याकाळी नक्की जाऊ, उलट जास्त चालू.’ यातलं एकेक वाक्य खोडायला गेलात तर सव्वासहा वाजतात.

ठरवायचं काम रात्री उरकून टाका. झोपण्याआधी मी दोन मिनिटं देते. बूट दाराच्या आत, डावा-उजवा सरळ लावलेले, मोजे त्यांच्यात कोंबलेले. (मोजे शोधण्यात माझ्या किती सकाळी फुकट गेल्या असतील! कपाटात एक मिळतो, दुसरा वॉशिंग मशिनच्या रबरात अडकलेला असतो आणि तो ओला असतो.) किल्ली बुटाशेजारी. गजराचा फोन पलंगापासून लांब, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, म्हणजे तो बंद करायला उठावंच लागतं आणि उठलं की पाण्याचा पेला समोरच दिसतो.

दुसरी युक्ती पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांच्या कामातून आलेली आहे. ‘मी रोज व्यायाम करीन’ हा निश्चय कच्चा असतो. ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असा बेत आधी करून ठेवला तर तो पार पडण्याची शक्यता बरीच वाढते, असं त्यांनी आणि त्यांच्यानंतर इतरांनी अनेक प्रयोगांत दाखवलं. माझा बेत असा आहे: दाराला अडकवलेल्या पिशवीतून दूध आत घेतलं की चपलांना हात न लावता बूट घालायचे. घड्याळाला बांधलेल्या बेतापेक्षा मला दुधाला बांधलेला बेत जास्त लाभला. घड्याळाकडे बघून ‘अजून पाच मिनिटं’ म्हणता येतं, दूध मात्र बाहेर ठेवता येत नाही.

२१ दिवस केलं की सवय लागते म्हणतात. माझे २१ झाले, तरी लागलेली नाही. माझ्यात काही खोट आहे का?

खोट त्या आकड्यात आहे. तो पसरला एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून. ऑपरेशननंतर रुग्णांना आपला नवा चेहरा आपलासा वाटायला किमान २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. पुढे लोकांच्या तोंडून ‘किमान’ गळलं, चेहराही गळला आणि उरले नुसते २१.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे नीट पाहणी केली. खाणं, पिणं किंवा व्यायाम यांपैकी एक नवी सवय प्रत्येकानं निवडायची होती. गोष्ट आपोआप व्हायला लागेपर्यंतचा मधला आकडा ६६ दिवस निघाला, पण माणसामाणसांत फरक केवढा, तर १८ दिवसांपासून २५४ पर्यंत. जेवणाआधी पेलाभर पाणी पिणं लवकर अंगवळणी पडलं, व्यायामाला जास्त वेळ लागला. तेव्हा पाडव्याला सुरू केलंत तर आषाढीपर्यंत ते आपसूक होईल अशी अपेक्षा धरा, आणि नाही झालं तर गणपतीपर्यंत.

एक दिवस चुकला की मग आठवडाच जातो. काय करावं?

त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली होती: एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा अडथळा येत नाही. आपल्या मनाला मात्र ते पटत नाही. उपास मोडला की ‘आता मोडलाच आहे तर’ म्हणून आपण साबुदाणा वड्यावरून थेट मिसळीवर येतो, तोच हा हिशेब.

आमच्या गटाचा नियम एवढाच: लागोपाठ दोन दिवस चुकवायचे नाहीत. एक दिवस कशानंही चुकतो. पाहुणे येतात, ताप येतो, नळाला पाणी अवेळी येतं. दुसऱ्या दिवशी काहीतरी करायचंच, मग ते किती का थोडं असेना.

माझ्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यात दूध किती घेतलं, गॅस कधी लावला, बाई कधी आल्या नाहीत, सगळं असतं. त्याच चौकोनात मी पेन्सिलीनं बारीक काट मारते. मागच्या वर्षीचं काढून पाहिलं तर जुलैची पानं विरळ आहेत, नोव्हेंबरची भरगच्च आणि मे महिन्यात सलग नऊ चौकोन कोरे. त्या नऊ दिवसांत मी भाचीच्या लग्नाला सांगलीला होते. कोऱ्या चौकोनांचं वाईट वाटत नाही, पण दोन कोरे शेजारी शेजारी आले की तिसरा भरायला हात शिवशिवतो. अॅपमध्येही हे होतं म्हणतात. मला भिंतीवरचं बरं, कारण ते घरातल्या सगळ्यांना दिसतं आणि नातू मोजतो.

कमीत कमी किती केलं म्हणजे ‘केलं’ म्हणायचं?

यात दोन आकडे आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिला आकडा तब्येतीचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमछाकीचा, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार व्यायाम करावा. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद लागेल असं काही करावं. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये, इतपत. आमच्यातल्या एक मावशी चढावरसुद्धा भजन म्हणतात. त्यांना आम्ही वेग वाढवायला सांगितलं.

दुसरा आकडा नेमाचा, आणि तो मुद्दाम हास्यास्पद वाटेल इतका लहान ठेवायचा. माझा आहे दहा मिनिटं. ताप नसेल तर दहा मिनिटं होतातच: गच्चीवर फेऱ्या, बारा सूर्यनमस्कार, काहीही. हौस असलेल्या दिवसासाठी आकडा ठरवून ठेवायची गरज नसते, तो दिवस आपला आपण पुढे जातो. आकडा लागतो तो वाईट दिवसासाठी, म्हणून वाईट दिवशी झेपेल एवढाच ठेवायचा. नवशिके उलटं करतात. पहिल्या उत्साहात ‘रोज एक तास’ ठरवतात आणि दहाव्या दिवशी चाळीसच मिनिटं असली की ‘आज काही जमणार नाही’ म्हणून आडवे होतात. चाळीस मिनिटं हातात असताना!

जुन्या पेठांतल्या तालमीत कधी सकाळी डोकावलात तर बघा. नव्या पोराला पहिल्याच दिवशी कोणी शंभर जोर मारायला लावत नाही. थोडे मारायला लावतात, पण उद्या परत यायला सांगतात.

बी. के. एस. अय्यंगारांचंही इथे आठवतं. लहानपणी टायफॉइड, क्षय अशा दुखण्यांतून गेलेला हा मुलगा १९३७ साली योग शिकवायला पुण्यात आला आणि २०१४ मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी इथेच वारला. त्यांच्या पद्धतीत खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे, दोऱ्या, घोंगड्या असं सामान असतं. एखादं आसन जमत नसेल तर शरीराला दटावायचं नाही. ठोकळा घ्यायचा, आसन आपल्यापर्यंत वर आणायचं. ती लबाडी आहे असं तिथे कोणी समजत नाही. आपली दहा मिनिटं म्हणजे असाच एक ठोकळा धरा.

दहा हजार पावलं झालीच पाहिजेत का?

नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलं मोजणारं’ असा होता. आकडा गोल होता, लक्षात राहिला. सध्या तीन हजार होत असतील तर पाच करा. रात्री साडेअकराला दिवाणखान्यात येरझाऱ्या घालून उरलेली आठशे भरून काढणारे लोक माझ्या घरात आहेत. नाव घेत नाही.

जिमचे वर्षाचे पैसे भरलेत. आता तरी जाईन ना?

मीही भरले होते. घराजवळच्याच एका जिममध्ये, ‘फक्त आज’ असलेल्या सवलतीत. अकरा दिवस गेले. त्यानंतर मी तो रस्ताच टाळायला लागले, कारण काचेतून दिसलं तर त्या पोरीनं ‘काकू, येत नाही?’ म्हणून हाक मारली असती. म्हणजे पैसे भरून मी व्यायाम तर केला नाहीच, वर किराण्याला लांबच्या रस्त्यानं जायला लागले. तेवढं चालणं झालं म्हणा.

जिम वाईट नाही. वजनं उचलायला तिच्याइतकी चांगली जागा नाही, आणि पन्नाशीनंतर बायकांनी वजनं उचलायलाच हवीत, हाडं ठिसूळ होतात. पण पैसे महिन्याचे भरा, आणि जिम तुमच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचीच घ्या. ज्या जिमसाठी संध्याकाळी सातला स्वारगेटचा चौक ओलांडावा लागतो, तिथे तुम्ही जाणार नाही. मी तुम्हाला ओळखत नाही, पण स्वारगेटचा चौक ओळखते.

पावसाळ्यात काय?

पुण्यात हा खरा प्रश्न. जून ते सप्टेंबर टेकड्यांवरची माती साबणासारखी होते. तळजाई काय, वेताळ टेकडी काय, आणि हाड मोडलं तर तीन महिन्यांचा नेम बुडतो. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यातच पावसाळी बेत ठरवून ठेवा. पहिला पाऊस पडल्यावर ठरवू म्हणणारे तो भज्यांबरोबर ठरवतात.

माझा बेत: सोसायटीचा जिना. चार मजले, पाच वेळा वर-खाली, उतरताना कठडा धरून. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ आधी दार उघडून बघायचे, आता ‘तिसरी का चौथी?’ विचारतात. जिना नको असेल तर सूर्यनमस्कार घाला, त्याला चटईएवढी जागा पुरते. त्यांच्या प्रसारात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा वाटा मोठा, आणि हे औंध सातारा जिल्ह्यातलं बरं का. पुण्यातल्या औंधला, ब्रेमेन चौकाजवळ राहणाऱ्यांनी उगाच अभिमान बाळगू नये. छपराखाली व्यायाम करायची पुण्याला सवय आहेच. पेठांत तालमी आहेत, १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी काढलेलं महाराष्ट्रीय मंडळ आहे, पोहायचे तलाव आहेत. ‘पाऊस आहे म्हणून’ हे कारण या गावात टिकत नाही.

रविवारी सिंहगड करतो. आठवडाभराचं त्यात भागतं की नाही?

शरीरापुरतं बोलायचं तर काहीच न करण्यापेक्षा खूपच बरं. आठवड्याची मिनिटं एक-दोन दिवसांत भरून काढणाऱ्यांनाही फायदा होतो असं संशोधन सांगतं. आतकरवाडीतून पायवाटेनं चढलात तर तास-सव्वा तास चांगली दमछाक होते. वर पिठलं-भाकरी, कांदा भजी आणि मडक्यातलं दही खाऊन ती मिटवली जाते, पण ते जाऊ दे.

माझा आक्षेप नेमाच्या बाजूनं आहे. आठवड्यातून एकदाच जाणाऱ्याचा एक रविवार बुडाला की थेट चौदा दिवसांचा खाडा पडतो. दोन लग्नं आणि एक बारसं आलं की महिना संपतो. आणि महिनाभरानं एकदम सिंहगड चढला की सोमवारी कमोडवर बसताना भिंत धरावी लागते, मग पुढच्या रविवारी मन आपोआप कच खातं. सिंहगड सोडू नका. मधल्या दोन दिवशी वीस-वीस मिनिटं चाला, तेवढ्यानं गडही सोपा जाईल.

एकट्यानं करावं की गटानं?

सुरुवातीला गटानं, असं माझं मत. फाटकापाशी कोणीतरी उभं आहे एवढ्या विचारानं उठता येतं. आमच्यातले एक काका बायको गेल्यानंतर चार महिने घराबाहेर पडले नव्हते. त्यांना कोणी उपदेश केला नाही. एका शेजाऱ्यानं फक्त रोज सकाळी सहाला त्यांची बेल वाजवायला सुरुवात केली आणि ‘मी खाली थांबतो’ एवढंच म्हणायचा. काका आधी तीन-चार दिवस खिडकीतून हात हलवायचे. मग एक दिवस लेंगा, स्वेटर आणि घरातल्या सपाता अशा वेषात खाली आले आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परतले. आता ते आमच्या सगळ्यांच्या पुढे असतात आणि मागे वळून ‘चला, चला’ करतात, ज्याचा आम्हाला थोडा राग येतो.

गटाचा तोटाही सांगते. पुण्यातल्या प्रत्येक टेकडीच्या पायथ्याशी असे गट दिसतात ज्यांचं चालणं पाऊण तास आणि चहा दीड तास. त्यात वाईट काही नाही, माणसाला माणसं लागतात. फक्त त्याला व्यायाम म्हणू नका. आणि कोणाच्या तरी गुडघ्यामुळे, कोणाच्या जावयामुळे गट महिनाभर फुटला तर तुमचा नेमही फुटतो, म्हणून आठवड्यातून एक दिवस मुद्दाम एकट्यानं जायची सवय ठेवा.

हिंजवडीत नोकरी आहे. रात्री नऊला घरी येतो. सकाळ शक्यच नाही.

मग सकाळचा हट्ट सोडा. पहाटेच्या व्यायामाला आपल्याकडे उगाच पुण्य चिकटलंय. फुप्फुसं घड्याळ बघत नाहीत.

तुमच्यासाठी एकच सूचना: घरात शिरून मग बाहेर पडायचा बेत करू नका. बूट काढले, सोफ्यावर टेकलात, की संपलं. बस किंवा मेट्रोतून एक थांबा आधी उतरा, किंवा गाडी लावल्यावर वर न जाता पंधरा मिनिटं चाला. लॅपटॉपची बॅग वॉचमनकाकांकडे ठेवता येते, माझा मुलगा ठेवतो. दुपारी जेवणानंतर कंपनीच्या आवारात दहा मिनिटं चालणं हेही मोजा. झोप कापून व्यायाम मात्र करू नका. पाच तास झोपून पहाटे पळायला निघणाऱ्याला शिस्तीसाठी कोणी बक्षीस देणार नाही.

मला शिस्तच नाही हो. सकाळी डबे, सासूबाईंचं पथ्य, मुलांची बस, आणि मग ऑफिस. कसं जमवू?

हा प्रश्न बायकाच विचारतात, आणि दर वेळी ‘मला शिस्तच नाही’ अशीच सुरुवात करतात. मला याचा संताप येतो. पहाटे साडेपाचला उठून एका शेगडीवर कुकर, दुसरीवर पोळ्या, मध्ये चहा, सव्वासातला तीन वेगवेगळे डबे तयार. एकाला कांदा चालत नाही, एकाला काकडीचं पाणी सुटलेलं चालत नाही. वर्षातून तीनशे दिवस हे बिनचूक करणाऱ्या बाईला शिस्त नाही? तिच्याकडे वेळ नाही, आणि तो कोणीतरी वापरतंय.

तेव्हा तुम्हाला बुटांच्या आणि गजराच्या युक्त्या सांगून उपयोग नाही. घरात जेवताना सगळ्यांसमोर सांगा: सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सहा ते पावणेसात मी घरात नाही. ‘जाऊ का?’ असं विचारू नका. त्या दिवशीचे डबे नवऱ्यानं करायचे किंवा आदल्या रात्री पोह्यांची तयारी करून ठेवायची. पहिल्या आठवड्यात पोहे गचका होतील, मीठ कुठे आहे विचारायला फोन येईल. फोन घरी ठेवून जा. आमच्या गटातल्या एकीनं हे केलं, आणि तिच्या नवऱ्याला तिसऱ्या आठवड्यापासून पोहे उत्तम जमायला लागले. आता तो कढीपत्ता कमी पडला म्हणून तक्रार करतो.

ज्यांच्या घरी हे खरोखरच शक्य नाही, त्यांनी दहा मिनिटांचा तुकडा शोधा: कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला हात टेकून उठाबशा. हा तोडगा दुय्यम आहे, हे माहीत असू द्या.

रोज तोच रस्ता, तोच चढ. कंटाळा येतो.

थोडा कंटाळा चालवून घ्यायचा. आजीच्या १०३ पायऱ्यांची कधी १०४ झाली नाही. फार झालं तर आवडीची एखादी गोष्ट फक्त चालतानाच ऐकायची असं ठरवा. अमेरिकेत कॅथरिन मिल्कमन यांनी असा प्रयोग केला होता: उत्कंठावर्धक कादंबऱ्यांची ध्वनिमुद्रणं लोकांना जिममध्येच ऐकता येतील अशी सोय केली, आणि सुरुवातीला तरी जिमच्या फेऱ्या वाढल्या. मी जुन्या नाट्यपदांसाठी हे करते. एक कान मोकळा ठेवते, मागून सायकली येतात.

गणपती आणि दिवाळी?

दहा मिनिटांचा आकडा त्याच दिवसांसाठी आहे. ढोल-पथकात असाल तर तालमीच्या दिवशी वेगळा व्यायाम नको, तो ढोल कमरेला बांधून दोन तास वाजवून बघा. बाकीच्यांनी चकलीच्या पापात रोज दुप्पट चालायचा निश्चय करू नये. व्यायाम ही शिक्षा झाली की माणूस ती चुकवायला बघतोच.

गुडघे दुखतात, वय ६८. आता सुरू करून काय उपयोग?

उपयोग तुमच्याच वयात जास्त. ६५ च्या पुढच्यांसाठी तोल आणि ताकद यांचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस सुचवलेला आहे, कारण या वयात पडणं फार महागात जातं. पर्वतीच्या पायऱ्या सध्या नकोत, उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो. सारसबागेत सपाटीवर चाला. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा. आधी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.

आळस कोणता आणि आजार कोणता, कसं ओळखायचं?

साधा आळस पहिल्या दहा मिनिटांत बराचसा उतरतो. व्यायामानंतरही थकवा तसाच राहत असेल, जिना चढताना नव्यानं धाप लागत असेल, तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं अगदी नेहमीचं आहे. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, असं काही झालं तर तिथेच बसा आणि लगेच दवाखाना गाठा. ‘गॅस असेल’ म्हणून टेकडी पूर्ण करू नका. नुसती सर्दी असेल तर हळू चालायला हरकत नाही, ताप किंवा अंगदुखी असेल तर झोपा.

आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच रस वाटत नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर तो नेमाचा प्रश्न राहिलेला नाही. मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जा. कोणी ‘जरा टेकडीवर चल, बरं वाटेल’ म्हणालं तर अवश्य जा, पण डॉक्टरांकडे जाणं त्यामुळे टाळू नका.

तुमच्या गटात यायचं असेल तर?

सव्वासहाला फाटकापाशी. आम्ही सहा वीसला निघतो, सहा एकवीसला आलात तर आम्ही वळणापलीकडे दिसू. येणार म्हणून आधी कळवायची गरज नाही, येणार नसाल तर कारणही कळवू नका. मोरांना खायला घालायचं नाही, फोनवर मोठ्यानं बोलायचं नाही, आणि उतरल्यावर कारल्याचा रस पिण्याचा आग्रह कोणी केला तर तो त्यांचा वैयक्तिक समजावा.